हेच-हेचीचा हिशेब

आधी मतदानाचे आकडे. ६ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक विधेयक ४३ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाले. तीन महिन्यांपूर्वी, ३ सप्टेंबरला, प्रतिनिधिगृहाने ते १८३ विरुद्ध ४३ असे संमत केले होते. सिनेटमध्ये विरोधी मतांपेक्षा मतच न देणाऱ्यांची संख्या मोठी होती, आणि प्रतिनिधिगृहात जवळपास निम्मे सदस्य मतदानात नव्हते. १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सही केली आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली हेच-हेची नावाची दरी पाण्याखाली घालण्याचा हक्क सॅन फ्रान्सिस्को शहराला मिळाला.

दरी आकाराने लहानच होती. लांबी सुमारे ३ मैल, रुंदी जास्तीत जास्त अर्धा मैल, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० फूट. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे, वरून कोसळणारे धबधबे, तळाशी गवताची कुरणे आणि ओक वृक्ष, मधून वाहणारी टुअलमी नदी. १८९० साली योसेमिटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तेव्हा ही दरी त्याच्या हद्दीत आली. म्हणजे कायद्याने राखलेली जागा २३ वर्षांनी कायद्यानेच मोकळी करून दिली गेली. निसर्ग आहे तसा राखायचा की जपून वापरायचा, हा वाद अमेरिकेत त्याआधीही होता आणि नंतरही चालू राहिला. पण त्याचा जमाखर्च इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेच मांडलेला नाही. म्हणून हा लेख या एका दरीच्या खातेवहीतून जाणार आहे.

शहराची बाजू हलकी नव्हती. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोची लोकसंख्या ३,४२,७८२ होती, १९१० मध्ये ४,१६,९१२. मधल्या दशकात, १८ एप्रिल १९०६ रोजी, भूकंप आणि पाठोपाठ आग. सुमारे ३,००० माणसे गेली, २८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि शहरातली निम्म्याहून जास्त माणसे बेघर झाली. आग विझवायला पाणी मिळाले नाही, कारण रस्त्याखालच्या जलवाहिन्या फुटल्या होत्या. डोंगरातल्या धरणाने त्या दिवशी फरक पडला नसता. पण जळालेल्या शहराला हे सांगणार कोण? शिवाय शहराचा पाणीपुरवठा स्प्रिंग व्हॅली नावाच्या खासगी कंपनीच्या हाती होता, आणि तिच्या दरांना व कारभाराला नागरिक वैतागले होते. पाणी आणि वीज लोकांच्या मालकीची असावी ही मागणी त्या काळात पुरोगामी मागणी होती, आणि माझ्या मते ती रास्तच होती. महापौर जेम्स फेलन यांनी १९०१ सालीच टुअलमीच्या पाण्यासाठी अर्ज केला होता. तो १९०३ मध्ये फेटाळला गेला. १९०८ मध्ये अंतर्गत खात्याचे मंत्री जेम्स गारफिल्ड यांनी परवानगी दिली. जानेवारी १९१० मध्ये मतदारांनी साडेचार कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना वीसास एक अशा प्रमाणात कौल दिला.

यानंतर आला तो निर्णायक आकडा. १९१३ साली लष्करी अभियंत्यांच्या सल्लागार मंडळाने अहवाल दिला. त्यात म्हटले होते की शहराला पाणी अनेक ठिकाणांहून मिळू शकते, पण हेच-हेचीचा पर्याय इतर कोणत्याही व्यवहार्य पर्यायापेक्षा सुमारे २ कोटी डॉलरने स्वस्त पडेल.

हे वाक्य नीट वाचायला हवे, कारण सगळ्या वादाचा कणा त्यात आहे. शहर तहानेने मरेल असे अभियंत्यांनी म्हटले नव्हते. प्रश्न पाणी मिळण्या-न मिळण्याचा नव्हता, किमतीतल्या फरकाचा होता. २ कोटींना ४,१६,९१२ ने भागले तर माणशी ४८ डॉलर येतात. राष्ट्रीय उद्यानातल्या एका दरीची किंमत दर नागरिकामागे ४८ डॉलर, तीही एकदाच. हा भागाकार त्या वर्षी कोणी संसदेपुढे ठेवला असता तर मते तशीच पडली असती का, हे सांगता येणार नाही. पण प्रश्न निदान खऱ्या रूपात समोर आला असता.

दुसऱ्या बाजूच्या खात्यात काय होते? १९१३ साली संपूर्ण योसेमिटी उद्यानाला भेट देणाऱ्यांची संख्या सुमारे १३,७०० होती. त्यातले हेच-हेचीपर्यंत पोहोचणारे अगदी मोजके, कारण तिथे जायला धड रस्ता नव्हता. दरी वाचवण्यासाठी लढणाऱ्या जॉन म्यूर यांच्याजवळ शब्द होते. स्कॉटलंडमध्ये १८३८ साली जन्मलेला हा माणूस १८६८ मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरांत आला आणि मनाने तिथलाच झाला. १८९२ मध्ये १८२ सभासदांनिशी सिएरा क्लब सुरू झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांनी योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर मुक्कामाला नेले. दरीला ते देवालय मानत आणि तसेच लिहीत. पण संसदीय समितीसमोर शहराच्या वतीने अभियंता जॉन फ्रीमन यांचा सुमारे चारशे पानांचा अहवाल होता, नकाशे आणि चित्रांसह. तळ्यामुळे दरी आणखी सुंदर दिसेल असे दाखवणारी चित्रेही त्यात होती. त्या तोडीची एकही खातेवही म्यूर यांच्या बाजूने आली नाही. इतकेच नव्हे, १९१० साली सिएरा क्लबने स्वतःच्या सभासदांचे मत घेतले तेव्हा दरी वाचवण्याच्या बाजूने ५८९ आणि विरोधात १६१ मते पडली. डोंगरांवर प्रेम करणाऱ्या क्लबातही पाचांतल्या एकाला धरण हवे होते. क्लबच्या स्थापनेत सहभागी असलेले वकील वॉरन ओल्नी हे त्यांपैकीच.

समितीसमोर धरणाच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत गिफर्ड पिंशो होते. त्यांना निसर्गाचा शत्रू ठरवणे हा अन्याय आहे. अमेरिकेतल्या लाकूडतोड कंपन्यांनी एकामागून एक प्रदेश उजाड केले त्या काळात सरकारी जंगल टिकवण्याची व्यवस्था या माणसाने उभी केली. १९०५ मध्ये वनसेवा सुरू झाली तेव्हा ६० राखीव वनांचे मिळून ५.६ कोटी एकर क्षेत्र तिच्याकडे आले. १९१० पर्यंत १५० राष्ट्रीय वने आणि १७.२ कोटी एकर झाले होते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ७.६ कोटी एकर. म्हणजे पाच वर्षांत आणखी दीड महाराष्ट्राएवढी जमीन खासगी कुऱ्हाडीपासून दूर झाली. पिंशोंची कसोटी एकच होती : जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त हित, तेही शक्य तितक्या दीर्घ काळासाठी. या कसोटीत माणसे मोजता येतात, हित पैशांत धरता येते. तिसरा भाग, दीर्घ काळ, मोजायला अवघड. साक्षीच्या वेळी तोच गळून पडला.

पिंशो हे शास्त्र शिकले कुठे? इथे आपला धागा येतो. १८८९ मध्ये ते युरोपात गेले आणि बॉनला डिट्रिच ब्रँडिस यांना भेटले. ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक, १८६४ सालचे. ब्रह्मदेशातल्या सागवानी जंगलांत त्यांनी मोजणी करून तोड ठरवण्याची पद्धत बसवली होती. त्यांच्याच सल्ल्याने पिंशो फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात गेले, आणि अमेरिकेत वनखाते उभारताना ब्रँडिस त्यांचे गुरू राहिले. अमेरिकेच्या वनव्यवस्थापनात हिंदुस्थानच्या वनखात्याचा अनुभव असा सरळ उतरला आहे.

पण त्या अनुभवाची दुसरी बाजू बॉनहून वॉशिंग्टनला पोहोचली नाही. १८७८ च्या वनकायद्याला पुण्याच्या सार्वजनिक सभेने हरकत घेतली होती : गावकऱ्याला विश्वासात घेतले तर जंगल अधिक सहज राखले जाईल, असे तिचे म्हणणे. १८८३ साली महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगर आणि गायराने जंगलखात्याने घशात घातल्याची तक्रार आहे. खुद्द ब्रँडिस यांचा कलही गावांकडे काही वने ठेवण्याकडे होता. कायदा मात्र कडक सरकारी मालकीच्या बाजूने झाला. ‘राखायचे की वापरायचे’ या प्रश्नाआधी ‘ज्यांचे आहे त्यांचे काय’ हा प्रश्न पुण्यात विचारला गेला होता. हेच-हेचीच्या वादात तो दोन्ही बाजूंना सुचला नाही.

सुचायला हवा होता. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीने योसेमिटीच्या दरीतल्या अवानीची लोकांना हुसकले. परत येऊन राहिलेल्यांची शेवटची वस्ती उद्यान प्रशासनाने १९६९ मध्ये पाडली. हेच-हेचीत मिवोक आणि पायूट लोक पिढ्यान्पिढ्या येत, गवताचे बी आणि ओकची फळे गोळा करत. दरीचे नावही मिवोक भाषेतून आले असे मानतात. म्यूर ज्याला मनुष्यस्पर्श न झालेले अरण्य समजले ती कुरणे या लोकांनी ठरावीक हंगामात लावलेल्या आगींनी मोकळी राहिली होती. वाचवू पाहणाऱ्यांनी त्यांना दृश्यातून वगळले आणि वापरू पाहणाऱ्यांनी हिशेबातून.

पुन्हा खात्याकडे. धरणाचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९२३ मध्ये संपले. १९३८ मध्ये उंची साडेपंच्याऐंशी फुटांनी वाढवली, तेव्हा नदीपात्रापासून ती ३१२ फूट झाली. तलावाची क्षमता ३,६०,३६० एकर-फूट. आपल्याकडच्या भाषेत सुमारे १५.७ टीएमसी, कोयनेच्या सातव्या हिश्शाएवढी. बुडालेले क्षेत्र १,९७२ एकर. पाणी १६७ मैलांचा प्रवास उताराने करत, पंपाशिवाय, शहराजवळ येते, आणि ती उत्तम अभियांत्रिकी आहे यात शंका नाही. ते पहिल्यांदा आले २८ ऑक्टोबर १९३४ रोजी. भूकंपानंतर २८ वर्षांनी. मुख्य अभियंता मायकेल ओशॉनेसी त्याआधी १६ दिवस वारले होते. म्यूर तर १९१४ च्या डिसेंबरातच गेले.

तोवर खर्च सुमारे १० कोटी डॉलरवर गेला होता. मतदारांनी १९१० मध्ये साडेचार कोटींना मान्यता दिली होती. म्हणजे वाढ साडेपाच कोटींची, आणि ज्या बचतीसाठी दरी दिली ती दोन कोटींची. पहिल्या महायुद्धाने सिमेंट, पोलाद आणि मजुरी महाग केली. दुसरा पर्याय निवडला असता तर तोही महागलाच असता. म्हणून या वजाबाकीवरून निर्णय चुकीचा ठरला असे म्हणता येत नाही. एवढे मात्र ठरते की पर्यायांमधला जो फरक निर्णायक म्हणून मांडला गेला तो अंदाजातल्या चुकीपेक्षाही लहान होता.

खासगी मक्तेदारीतून सुटका हा शहराचा नैतिक दावा होता. त्याचे काय झाले? स्प्रिंग व्हॅली कंपनी १९३० मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर मोजून शहराने घेतली. तिथे वचन पाळले गेले. विजेचे तसे झाले नाही. धरणाची वीज खासगी कंपनीला विकू नये, असे कायद्यात होते. तरी १९२५ पासून ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या खासगी कंपनीमार्फतच लोकांना मिळत राहिली. स्वतःच्या तारा आणि वितरण विकत घेण्याचे प्रस्ताव मतदारांनी वारंवार नाकारले. शेवटी १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था कायद्याविरुद्ध ठरवली. राष्ट्रीय उद्यान वापरण्याबद्दल शहर केंद्र सरकारला वर्षाला ३०,००० डॉलर देते. तो आकडा १९१३ च्या कायद्यातच लिहिला आहे आणि आजही तोच आहे. महागाई धरली तर त्या वेळचे ३०,००० म्हणजे आजचे ९ लाखांच्या आसपास.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा : ४५९ चौरस मैल. तलावाच्या वरचे एवढे पाणलोट क्षेत्र योसेमिटी उद्यानात आहे. तिथे शेती नाही, कारखाने नाहीत, खाणी नाहीत. त्यामुळे हेच-हेचीचे पाणी इतके स्वच्छ येते की ते गाळण यंत्रणेतून न नेता पुरवण्याची सूट शहराला आहे. अमेरिकेत अशी सूट असलेली मोठी शहरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सुमारे २७ लाख माणसांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथला आहे. म्हणजे पिंशोंचे धरण म्यूर यांच्या उद्यानावर चालते. जंगल राखल्याचा हा फायदा दरवर्षी गाळण प्रकल्पाच्या वाचलेल्या खर्चात मोजता येतो. १९१३ साली तो ‘राखणे’ या बाजूला कोणी जमा धरला नाही. पाण्याच्या खात्यात मात्र तो गेली नव्वद वर्षे फुकट जमा होत आला आहे.

हरलेली बाजू या पराभवातून मोजायला शिकली. कोलोरॅडो-युटाच्या सीमेवर डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत एको पार्क धरण बांधण्याचा प्रस्ताव १९५० च्या दशकात आला. इथे धरण न बांधता खाली ग्लेन कॅन्यनला बांधायचे ते धरण आणखी उंच केले तर बाष्पीभवनाने वर्षाला १,६५,००० एकर-फूट, म्हणजे ७ टीएमसीहून जास्त, पाणी जादा वाया जाईल असे सरकारी खात्याने सांगितले. जानेवारी १९५४ च्या सुनावणीत सिएरा क्लबचे डेव्हिड ब्राउअर फळ्यापाशी उभे राहिले आणि खात्याच्याच आकड्यांची शाळेतली बेरीज-वजाबाकी करून ती चुकल्याचे दाखवले. खात्याला माघार घ्यावी लागली : १,६५,००० चे ७०,००० झाले, नंतर २५,००० वर आले. सात टीएमसीचा एक टीएमसी उरला. ११ एप्रिल १९५६ रोजी कायदा झाला तो एको पार्क वगळून.

या विजयाची किंमत मोठी होती. बाष्पीभवनाच्या युक्तिवादाचा अर्थच असा होता की पाणी ग्लेन कॅन्यनमध्ये साठवा. ते साठवले गेले. १९६३ मध्ये दारे बंद झाली, ७१० फूट उंच धरणामागे १८६ मैल लांबीचा तलाव भरू लागला आणि लाल खडकाच्या घळींचे एक सबंध जग बुडाले. ती घळ राष्ट्रीय उद्यान नव्हती. वादाच्या वेळी फार थोड्यांनी पाहिली होती. ब्राउअर यांना त्याची बोच आयुष्यभर राहिली. आकडे हाती घेतले की लढाई जिंकता येते, पण जे आकड्यांच्या तक्त्यात नसते ते तुमच्याही हातून जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो तलाव त्याच्या इतिहासातल्या नीचांकावर होता, क्षमतेच्या चौथ्या हिश्शाहूनही खाली.

राखणाऱ्यांचा सर्वांत मोठा कायदा म्हणजे अरण्यक्षेत्रे आहेत तशी राखणारा १९६४ चा कायदा. हॉवर्ड झॅनायझर यांनी आठ वर्षांत त्याचे ६६ मसुदे केले आणि सही होण्याच्या चार महिने आधी ते वारले. प्रतिनिधिगृहात विरोधी मत पडले फक्त १. सुरुवातीला ५४ क्षेत्रे, ९१ लाख एकर. आज ८०० हून अधिक क्षेत्रे आणि ११ कोटी एकरांहून जास्त, देशाच्या सुमारे ५ टक्के जमीन. यातली निम्म्याहून अधिक एकट्या अलास्कात आहे, तेव्हा या टक्केवारीवर फार विसंबू नये. उलट बाजूला वनसेवेच्या जंगलांतली लाकूडतोड १९८० च्या दशकाअखेर वर्षाला सुमारे १,२०० कोटी बोर्डफूट होती, नव्या शतकात ती त्याच्या चौथ्या हिश्शाखाली आली.

आणि आग. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो-मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळाले, ८५ माणसे गेली. त्या धक्क्याने वनसेवेने प्रत्येक आग विझवण्याचा पण केला. १९३५ पासून तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत विझवायची असा दंडक होता. पिंशोंच्या खात्याला आग म्हणजे मालाची नासाडी वाटली, म्यूर यांच्या अनुयायांना सौंदर्याची. दोघांचे इथे एकमत झाले आणि दोघेही चुकले. आदिवासींच्या लहान आगी बंद झाल्या, झुडपे आणि पालापाचोळा साठत गेला. वनसेवेच्या खर्चात आगीचा वाटा १९९५ मध्ये १६ टक्के होता, २०१५ मध्ये तो निम्म्यावर गेला. सिकोया वृक्षाची शंकूफळे आगीच्या उष्णतेने उघडतात आणि रोपे जळालेल्या मोकळ्या मातीत रुजतात. हजारो वर्षे आगीसोबत जगलेल्या या वृक्षांपैकी जगातले १३ ते १९ टक्के मोठे वृक्ष २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या आगींनी मारले. अशा वनात काहीच न करणे हाही व्यवस्थापनाचा निर्णयच असतो, आणि त्याचाही खर्च कोणाला तरी भरावा लागतो.

हेच-हेचीचा प्रश्न मिटलेला नाही. १९८७ मध्ये रेगन सरकारचे अंतर्गत खात्याचे मंत्री डोनाल्ड होडेल यांनी दरी मोकळी करण्याची कल्पना मांडली. २००६ मध्ये राज्याच्या जलखात्याने खर्चाचा अंदाज काढला : ३०० कोटी ते जवळपास १,००० कोटी डॉलर. अंदाजाची दोन टोके एकमेकांपासून तिपटीहून दूर असली की त्याला हिशेब म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शहरात मतदान झाले. प्रस्ताव धरण पाडण्याचा नव्हता, सुमारे ८० लाख डॉलर खर्चून त्याचा आराखडा करण्याचा होता. ७७ टक्के लोकांनी नको म्हटले.

माझ्या मते तो आराखडा व्हायला हवा होता, कारण साठवणुकीचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. त्याच टुअलमी नदीवर खाली, उद्यानाबाहेर, १९७१ पासून डॉन पेड्रो धरण आहे. क्षमता सुमारे ८८ टीएमसी, हेच-हेचीच्या साडेपाच पटींहून अधिक, आणि तिथे शहराच्या नावे पाणी जमा ठेवण्याची व्यवस्था आजही आहे. हरवणार ते तीन गोष्टींत : उताराने येणारे पाणी, धरणाची वीज आणि गाळणीविना मिळणारी शुद्धता. या तिन्हींची किंमत काढता येते. समोरच्या रकान्यात १,९७२ एकर तळ, १९१३ च्या कायद्यातल्या आकड्यावरच थांबलेले भाडे आणि वर्षाला ४० लाखांच्या घरात पोचलेली योसेमिटीची गर्दी, जिला दुसरी दरी मिळाली तर पहिलीवरचा भार हलका होईल. हे रकाने भरायला बसणाऱ्यांत अभियंते आणि सिएरा क्लबवाले असतीलच. मिवोक आणि पायूट लोकांचे प्रतिनिधीही असावेत, आणि त्यांना शेवटी नव्हे, पहिल्या बैठकीला बोलवावे.